पान दोनशे बाराची विहीर

दादाजी सोमकुवर एखाद्या कादंबरीबद्दल मत देतात तेव्हा मागे हमखास कुठलीतरी मोटर गुरगुरत असते. ते लिहीत नाहीत, बोलतात. नागपूरच्या बेसा भागातल्या एका बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत वाचनालय आहे, त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, आणि त्यावर दादाजींची व्हॉइस नोट पडली की दीडशे माणसं ती ऐकतात. कुणी पोळ्या लाटताना, कुणी हिंगण्याच्या कंपनी बसमध्ये कानात इअरफोन खोचून.

दादाजी हे त्यांचं पाळण्यातलं नाव. आपल्या भागात अशी नावं असतात; जन्मल्या दिवसापासून माणूस दादाजी. वय सत्तावन्न, धंदा पंप-मोटर दुरुस्तीचा, शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या फेरीत. वाचायचं म्हणाल तर दोनच प्रकार: अंतराळाच्या गोष्टी आणि जादूच्या गोष्टी. नवीन निघालेली, मराठी, हिंदी, भाषांतरित, रोशनी जी आणून देईल ती. रोशनी म्हणजे वाचनालय सांभाळणारी पोरगी. आठवडाभर शाळेत शिकवते आणि रविवारी पुस्तकं वाटते.

ही आवड लागली नरखेड तालुक्यात. पंचवीस वर्षं दादाजींनी तिथल्या संत्र्या-मोसंबीच्या बागांमधल्या मोटरी दुरुस्त केल्या. मोटर खोलून, तिच्यात नवी तार भरून, जोडून झाली तरी लाइट आल्याशिवाय ती चालते की नाही हे कळत नाही, आणि लाइट कधी येईल ते सांगता येत नाही. मेकॅनिकनं मग विहिरीच्या काठावर बसून राहायचं. गावच्या वाचनालयातून पिशवीत टाकलेलं पुस्तक तिथं उघडायचं.

"इथं थ्री फेजचा पत्ता नाही," ते सांगतात, "अन् तिकडं पुस्तकात लोक नवा सूर्य बसवून राहिले. मले लय मजा वाटे."

त्यांची मतं कशी असतात ते दोन-तीन नोटांवरून कळेल. मागच्या वर्षी सहाशे पानांची एक ड्रॅगनची कादंबरी आली होती. सगळ्यांना आवडली होती. दादाजींची नोट आली:

"गुराखी पोरगा आहे. चांगला पोरगा आहे. लढते, पडते, उठते. मी त्याच्यासंग चारशे पानं चाललो. मंग त्याच्या खांद्यावर खूण निघते, का हा तर राजाचा वारस. म्हंजे आतापर्यंत जे केलं ते त्यानं नाही केलं, त्याच्या रक्तानं केलं. माह्या बापानं छप्पन साली दीक्षाभूमीवर हे सोडलं. मी परत कायले धरू? जन्मावरून मानूस मोठा ठरते हे मले पटवाचं असन, त सहाशे पानं कमी पडते."

त्या नोटेनंतर त्या पुस्तकाला दोन महिने कुणी हात लावला नाही. रोशनी म्हणाली, "काका, तुम्ही पुस्तकं बसवून ठेवता." दादाजी म्हणाले, "बिघडलेली मोटर मी बसवूनच ठेवतो."

दुसरी एक जादूगारांची. तिच्यावर ते चाळीस सेकंदांतच बोलून मोकळे झाले. "मंतर म्हटला का डोंगर हालते, अन् म्हननारा घाम बी पुसत नाही. डोंगर हालवाले लोड लागते. लोड आला का कुठंतरी तार गरम होते. या लेखकाच्या दुनियेत तारच गरम होत नाही, म्हनून वाचनारा बी होत नाही."

पण आवडलं तर तेही तितक्याच सरळ सांगणार. एका म्हातारीची देखभाल करणाऱ्या यंत्रमानवाची गोष्ट होती. म्हातारीचा मुलगा परदेशात वारतो आणि यंत्र तिला सांगतं की त्याचा फोन आला होता. दादाजींच्या त्या नोटेत पहिली दहा सेकंदं नुसती मोटर ऐकू येते. मग ते म्हणतात, "मशीन खोटं बोलली तवा मले तिच्यावर भरवसा आला. बाकी तुम्ही वाचा."

अशा सत्तेचाळीस नोटा झाल्या होत्या. अठ्ठेचाळिसावीनं घोटाळा केला.

पुस्तक होतं 'गेरूच्या तळाशी'. लेखक सुशील देवतळे, मूळचे नागपूरचे, शिक्षणानं इंजिनिअर, आता पुण्यात असतात. मंगळावरच्या वसाहतीची कादंबरी. दादाजींनी ती चार दिवसांत दोनदा वाचली. नोटेत म्हणाले, पाच वर्षांत असं पुस्तक हातात आलं नाही. या मंगळावर माणसं भांडतात, कपडे धुतात, मशीन बिघडली तर स्पेअर पार्ट मिळत नाही म्हणून रडतात. "पन," मग ते म्हणाले, "पान दोनशे बारा गलत आहे. ते पोरगी घुमटाच्या बाहीर येते. उघडी विहीर, पानी चाळीस फूट खोल. काठावर पंप ठेवते, पाइप खाली सोडते अन् हातानं दांडा मारून पानी वरते वढते. अख्खी वस्ती वाचते. आता आयका. पंप पानी वढत नसते. पंप फकस्त पाइपातली हवा काढते. पानी वर ढकलते बाहीरची हवा. अन् मंगळावर हवा हायच कुठी? तिले एक थेंब भेटनार नाही."

नोट ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली, तिथून तिसऱ्या, आणि आठवड्यात थेट लेखकापर्यंत पोचली. त्यांचं उत्तर रोशनीच्या फोनवर आलं. भाषा सभ्य होती. 'आजोबांचा उत्साह पाहून आनंद झाला. मात्र त्यांना सांगा, मंगळावर गुरुत्वाकर्षण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. पाणी तिथे तिपटीने हलके असते. इथे तीस फुटांवरून येणारे पाणी तिथे नव्वद फुटांवरूनही येईल. मी चाळीसच धरले आहेत. पुढच्या रविवारी वाचनालयात येतोच आहे, आजोबांना भेटेन.'

"आजोबा?" दादाजींची बायको शामला म्हणाली. "नातू कोनता? अजून पोरीचं लग्न नाही झालं."

"नावावरून गेला तो," दादाजी म्हणाले.

पण हसणं तेवढ्यापुरतंच. केशवराव ग्रुपवर उतरले होते. केशवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, विहाराच्या समोरच्या चार मजली फ्लॅट स्कीममध्ये राहतात. त्या स्कीमचा पंप दादाजीच सांभाळतात. केशवरावांनी टाइप केलं: 'देवतळे साहेबांचे बरोबर आहे. दादाजी, आमच्या स्कीमचा पंप तेवढा पाहा, मंगळाचा राहू द्या.' खाली वीस हसरे चेहरे.

शुक्रवारी रोशनी घरी आली. दारातच उभी राहिली.

"काका, समिती म्हणते, पाहुणे येऊन राहिले. तेवढी नोट डिलीट करून टाका. वाद कायले?"

"समिती म्हनते का तू म्हनते?"

"मी कशाला म्हणू? मला पुस्तकातलं कळते, पंपातलं नाही कळत."

"बस वं पोरी." दादाजींनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "हे नोट काढली त कोनाले काय वाटन? का दादाजी पुस्तक न समजता बोलते. मंग बाकीच्या सत्तेचाळीस बी गेल्या. उद्या मी म्हनलं हे पुस्तक वाचा, त लोक म्हनतीन, याले मंगळाचा पंप नाही कळला."

"मग काय करता?"

"मी चुकलो असन त रविवारी सगळ्यांसमोर माफी मागतो. त्याच्यात माहं काही जात नाही. पन अगोदर पाहू द्या का चुकलो."

ती गेल्यावर मात्र ते गप्प झाले. शामलाला माहीत होतं, हा माणूस गप्प असला की आतून मोटर खोलून बसलेला असतो. एका गोष्टीत लेखकाचं खरं होतं आणि तेच दादाजींना खुपत होतं. पाणी हलकं झालं तर हवेला ते जास्त उंच ढकलता येईल, हे बरोबरच आहे. तिप्पट म्हणजे तिप्पट. दादाजींनी ते धरलंच नव्हतं. नरखेडला ते पंचवीस वर्षं एकच नियम पाळत आले होते: पाण्यापासून मोटर पंचवीस फुटांच्या आत पाहिजे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर दोराला बांधून विहिरीच्या आत बांधलेल्या खालच्या कट्ट्यावर उतरवायची. पंप कितीही भारी कंपनीचा आणा, त्यापुढे तो हात टेकतो. पण तो नियम नरखेडचा. मंगळाचा नियम दादाजींना कुणी शिकवला होता?

"एवढं कायले घोळून राहिले जी," शामला म्हणाली. "पुस्तकवाल्यानं पुस्तकातच लिहिलं असन का तिथं हवा किती."

दादाजी उठले आणि पुस्तक घेऊन बसले. पान नऊ. वसाहतीत नव्यानं आलेल्यांना मुकादम पहिल्या दिवशी बजावतो: बाहेरची हवा म्हणजे पृथ्वीच्या हवेचा दीडशेवा हिस्सा. दादाजींनी त्या ओळीखाली नखानं रेघ ओढली, कारण वाचनालयाच्या पुस्तकात पेनानं ओढायची नाही.

"तिपटीनं हलकं," ते म्हणाले, "पन ढकलनारा दीडशेपट दुबळा."

रविवारी सकाळी साडेदहाला विहारासमोर साठेक माणसं जमली होती. सुशील देवतळे पंचेचाळिशीचे, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. रोशनीनं ओळख करून दिली तेव्हा ते दोनदा दचकले. एकदा दादाजींचे काळे केस पाहून आणि एकदा त्यांच्या हातातलं पाइपाचं भेंडोळं पाहून.

"माफ करा हं," ते म्हणाले, "मी आजोबा लिहिलं."

"चालते. मी बी तुमाले म्हातारा समजलो होतो. पुस्तक तसं पिकलेलं आहे."

लोक हसले. देवतळेही हसले. मग दादाजी म्हणाले, "साहेब, कार्यक्रमाच्या अगोदर पंधरा मिनिटं द्या. समोरच्या स्कीमच्या जिन्यात या. मी चुकलो असन त तिथंच कळन, अन् मी हात जोडीन."

केशवराव म्हणाले, "आमच्या जिन्यात काय आता?"

"तुमचाच जिना सगळ्यात उंच आहे, साहेब."

भेंडोळं होतं पन्नास फूट पारदर्शक पाइपाचं. गवंडी लेव्हल पाहायला वापरतात तसलं, पण जाड भिंतीचं. पातळ पाइप आत दबून चपटा होतो, हे दादाजींना ठाऊक. आदल्या दिवशीच त्यांनी एका सुतळीवर फुटाफुटाला आकडे घातले होते; ती त्यांनी गच्चीपासून खालपर्यंत सोडली, शून्य बादलीतल्या पाण्याशी. तळमजल्यावर बादली ठेवली. पाइप पाण्यानं पूर्ण भरला, एक बुडबुडाही ठेवला नाही. एका टोकाला घट्ट बूच मारून वर क्लिप आवळली. दुसरं टोक बादलीत बुडवून तिथं रोशनीला बसवलं. "हे टोक पान्याबाहीर येऊ द्याचं नाही, काही झालं तरी." बूच मारलेल्या टोकाला दोर बांधून दादाजी जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून तो वर नेऊ लागले. माणसं पायऱ्यांवर, कठड्याला रेलून, प्रत्येक मजल्यावर.

दहा फूट. पाइप भरलेला. वीस फूट. भरलेला. तीस फूट. केशवराव तिसऱ्या मजल्यावर चष्मा पुसत उभे होते. देवतळे त्यांच्या शेजारी.

दादाजी वरून म्हणाले, "आता पाहा."

दोर आणखी वर गेला, पण पाणी गेलं नाही. पाइप वर सरकत राहिला आणि त्यातलं पाणी जागच्या जागी थांबलं. बारीक बुडबुडे सुटले, आणि बूच आणि पाणी यांच्यामध्ये रिकामी जागा वाढत गेली. एक फूट, दोन फूट, पाच फूट.

"किती आकडा आहे, साहेब?" दादाजींनी विचारलं.

केशवरावांनी वाकून पाहिलं. "एकतीस."

"अजून वढू?"

"ओढा."

दादाजी गच्चीच्या दारापर्यंत गेले. पाणी एकतीसलाच.

"आता वरच्या रिकाम्या पाइपात काय आहे, सांगा."

केशवरावांनी मान वर करून पाइपाचा रिकामा भाग पाहिला. मग म्हणाले, "काही नाही. निर्वात."

"म्हंजे याच्यापेक्षा जास्त वढनारा पंप दुनियेत नाही. वढाले काहीच उरलं नाही. तरी पानी येत नाही. एकतीस फूट बाहीरच्या हवेनं ढकललं, तेवढाच तिचा जोर. वढनाऱ्याचा याच्यात काही हात नाही." आणि त्यांनी वरची क्लिप सोडली, बूच काढलं. हवा आत घुसली. पाणी सर्रकन खाली गेलं, आणि तळमजल्यावरून रोशनीचा आवाज आला, "काका, माझी साडी."

देवतळे हसले नाहीत. ते पाइपाकडे बघत होते. "पण गुरुत्वाकर्षण," ते म्हणाले.

"त्याचा हिसाब मी करीन त तुमी म्हनान, मेकॅनिकचा हिसाब. केशवराव साहेब करतीन. तुमच्या पान नऊवर हवा लिहिली आहे, दीडशेवा हिस्सा."

सगळे केशवरावांकडे वळले. केशवराव माणूस खोचक, पण आकड्याशी बेइमानी न करणारा. त्यांनी खिशातून पेन काढलं, हाताच्या तळव्यावर लिहिलं आणि मोठ्यानं बोलत गेले. "एकतीस फूट म्हणजे तीनशे बहात्तर इंच. हवा दीडशेवा हिस्सा, म्हणून अडीच इंच. पाणी हलकं, म्हणून तिप्पट." ते थांबले. तळव्याकडे पुन्हा पाहिलं. "साडेसात इंच."

"चाळीस फूट?" कुणीतरी खालच्या मजल्यावरून विचारलं.

"साडेसात इंच," केशवराव म्हणाले. "वीतभरही नाही. दादाजींचं बरोबर आहे. मी ग्रुपवर जे लिहिलं ते चूक होतं, आणि तेही ग्रुपवर लिहितो." आणि तिथंच फोन काढून त्यांनी लिहिलं. जिन्यात साठ फोन एकदम वाजले.

दादाजी खाली आले. शामला दुसऱ्या मजल्यावर उभी होती. तिनं पदरानं त्यांच्या दंडावरचं पाणी पुसलं आणि शेजारणीकडे बघून मान जराशी ताठ केली.

देवतळे पायरीवर बसले होते. मांडीवर स्वतःचंच पुस्तक, पान दोनशे बारा. "मग ती मरते," ते म्हणाले. "वस्तीही मरते. माझी कादंबरीच संपते तिथं. तिच्याजवळ मोटर नाही, वीज नाही. एक दांडा, पंपाचा सिलिंडर आणि पाइप."

"मरत नाही," दादाजी म्हणाले, आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. "सामान बरोबर दिलं तुमी. जागा चुकली. आपली गावातली हापशी पाहिली ना? तिचा सिलिंडर वर नसते, खाली पान्यात असते. दांडा वरून, काम खालून. वरून वढाचं नाही, खालून उचलाचं. हवा असली नसली, फरक नाही पडत. तुमच्या पोरीनं सिलिंडर घेऊन विहिरीत उतराले पायजे."

"ती उतरत नाही," देवतळे म्हणाले. "तिला खोलीची भीती आहे. मी सुरुवातीपासून तसं दाखवलंय."

"हेच त माहं मत होतं, पन नोट तीन मिनिटाची झाली, म्हनून राहिलं." दादाजींनी पुस्तक त्यांच्या मांडीवरून घेतलं आणि मिटलं. "दोनशे अकरा पानं ते भेते, अन् दोनशे बारावर तुमी तिले काठावरूनच पानी देऊन टाकता. मले वाचताना वाटे, आता उतरन, आता उतरन. उतरलीच नाही. साहेब, माह्या बापाले आमच्या गावात पाटलाच्या विहिरीच्या काठावर उभं राहू देत नव्हते. दुरून ओंजळ धरा लागे, वरून कोनी पानी वतलं त पेयाचं. त्याच विहिरीत मी बावीस वर्षांचा असताना उतरलो. कमरेले दोर. तळाशी गेलो, छातीभर पान्यात उभा राहिलो अन् पाइपाच्या खालच्या तोंडाले फूटवॉल्व बसवला. वर आलो, बटन दाबलं, अन् पाटलाच्या बागेत माह्या हातचं पानी गेलं. बाप बांधावर उभा होता. घरी गेल्यावर मायले म्हने, आपला दादाजी तळाले हात लावून आला."

त्यांनी पुस्तक देवतळेंच्या हातात परत दिलं.

"तवा मले विहिरीची गोष्ट काठावरची सांगू नका," दादाजी म्हणाले. "पुस्तक तुमचं सोन्यासारखं आहे. तेवढं एक उतरनं राहिलं."

देवतळेंनी पिशवीतून वही काढली. साठ माणसांचा ठरलेला कार्यक्रम विहारात खोळंबला होता, समितीचे अध्यक्ष जिन्याच्या तोंडाशी येऊन घड्याळ दाखवत होते. रोशनी ओल्या साडीनिशी त्यांच्या आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "इथंच चालू आहे कार्यक्रम, सर. बसून घ्या."

"दुसरी आवृत्ती दिवाळीनंतर आहे," देवतळे म्हणाले. "हे पान मी परत लिहितो. पण मी आयुष्यात कधी विहिरीत उतरलो नाही हो. कसं असतं ते? पहिल्यांदा काय होतं?"

दादाजींनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. वरच्या मजल्यावरची माणसं ऐकू यावं म्हणून दोन-दोन पायऱ्या खाली सरकली. केशवरावांनीही पँट सावरत पायरीवरच बैठक मारली.

"पहिल्यांदा चप्पल काढाची," दादाजी म्हणाले. "काठावर ठेवाची, तोंड गावाकडं करून. मंग दोर दोनदा झटकून पाहाचा. खाली पाहाचं नाही, भिंतीकडं पाहाचं, दगडाच्या सांदीत पाय कुठी बसते ते. सात-आठ फूट गेलं का उजेड बदलते. अन् मंग थंडी लागते, पायाकडून वर. तुमच्या पोरीले बी लागन. ते लिहा."

देवतळे लिहू लागले.